वाघोबाच्या खिंडीपलीकडे

पाऊस सरला, भाताची कापणी निम्मी झाली आणि दिवाळी चार दिवसांवर आली, की माझा पाय घरात ठरत नाही. पहाटे सायकलीत हवा भरायची, पाण्याची बाटली कॅरिअरला बांधायची आणि पाम गावातून निघायचे. बोईसरचा गजबजाट ओलांडावा, उमरोळीवरून पालघर गाठावे आणि तेथून मनोरचा रस्ता धरावा. पालघरची वस्ती संपली की रस्ता हळूच चढू लागतो. डावी-उजवीकडे डोंगर जवळ येतात, काळदुर्गाचा चौकोनी कातळ डोक्यावर दिसू लागतो, आणि धाप लागण्याच्या नेमक्या ठिकाणी वाघोबाचे देऊळ येते.

येथे सगळेच थांबतात. मालमोटारवाला घंटा वाजवून पुढे जातो, माकडे केळ्यांसाठी टपून असतात आणि माझ्यासारखा सायकलवाला भक्तीपेक्षा दम खाण्यासाठी पायरीवर बसतो. वाघोबा हा डोंगराकडच्या वारल्यांचा देव. आश्विन वद्य द्वादशीला आपण घरोघरी गाय-वासराची पूजा करतो, वसुबारस म्हणतो. तोच दिवस खिंडीपलीकडे वाघबारस असतो. एकीकडे गाईला नैवेद्य, दुसरीकडे तिला खाणाऱ्याला! पण ज्याची गुरे रानात चरतात त्याला यात काही विसंगती वाटत नाही. वाघाशी शेजारधर्म ठेवला तरच गाय संध्याकाळी गोठ्यात परतते, हे त्याला ठाऊक असते.

खिंड उतरून मासवणच्या बाजूला, सूर्या नदीच्या आसपास, मुख्य रस्ता सोडून एखाद्या फाट्याला वळावे. तेथून पाड्यापाड्यांना जोडणारे अरुंद डांबरी रस्ते लागतात. कुडाच्या भिंती, पेंढ्याच्या उडव्या, अंगणात वाळत घातलेली नाचणी, आणि तासभर गेला तरी समोरून एखादीच फटफटी. शहरातून येणारी तरुण मंडळी या शांततेवर खूश असतात. मीही होतो. पण मी इतिहासाचा विद्यार्थी. हा रस्ता शांत का, हा प्रश्न मला एकदा पडला आणि मग तो सुटेना.

आमच्या भागाचा लिहिलेला इतिहास बहुतेक किनाऱ्यावरच घडतो. तारापूर, शिरगाव, माहीम ही नावे वाचकांना वसईच्या मोहिमेतून ठाऊक असतील. १७३९च्या जानेवारीत चिमाजीअप्पांच्या फौजेने तारापूर घेतले. बाजी भिवराव रेठरेकर तेथेच पडले. त्याच वर्षी मे महिन्यात वसई आली. डोंगराकडे इतिहासाची पुस्तके वळतात ती बहुधा लाकडासाठी. मनोरच्या उत्तरेचा आशेरीगड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात घेतला, त्यात भोवतालच्या सागवानाचा मोह मोठा होता. त्या सागाची गलबते होत. वैतरणेच्या खाडीतून भरतीच्या पाण्यावर होड्या मनोरपर्यंत चढत. म्हणजे त्या काळची वाट रानातून पाण्याकडे जाणारी, पूर्वेकडून पश्चिमेकडे उतरणारी होती. ओझे खाली यायचे आणि हुकूम वर जायचा.

१८६४च्या नोव्हेंबरात मुंबई ते सुरत लोहमार्ग जोडला गेला आणि सारी घडी बदलली. बंदरे ओस पडू लागली, स्टेशने वाढू लागली. १८८२च्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात आमच्या तालुक्याचे नाव ‘माहीम’ आहे. पुढे कचेरी रुळांपाशी आली आणि तालुका पालघर झाला. त्यानंतर पूर्वेला मुंबई-अहमदाबाद हमरस्ता वाढत गेला. लांबचा प्रवासी पश्चिमेला रेल्वेने आणि पूर्वेला मोटारीने जाऊ लागला. मधला डोंगरपायथ्याचा पट्टा दोघांनीही ओलांडला, त्यात उतरले कोणी नाही. मला वाटले, मिळाले उत्तर. शांतता म्हणजे दोन वर्दळींमधली उरलेली जागा. या उत्तरावर मी बरीच वर्षे समाधानी होतो.

आता माझ्या आजोबांकडे वळतो. त्यांच्याजवळ हर्क्युलीस सायकल होती, इंग्लंडहून आलेली. तेव्हा सायकल म्हणजे प्रतिष्ठेची वस्तू होती. १९२३ साली मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवर जगप्रवासाला निघाले आणि १९२८ साली त्यांतले तिघे प्रवास पुरा करून परतले, ही हकीकत आजोबा आपणच सातवे असल्याच्या थाटात सांगत. प्रत्यक्षात त्यांची सायकल बोईसर ते डोंगरातले पाडे एवढीच फिरली. स्टेशनाजवळच्या एका गवताच्या वखारीत ते दिवाणजी होते.

गवताचा व्यापार म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगावे लागेल. मुंबईच्या तबेल्यांना गवत लागे. ते आमच्या डोंगरउतारांवर वाढे. पाऊस संपला की वारली ते कापीत, वखारीत दाबून त्याच्या गासड्या बांधीत आणि त्या रेल्वेने मुंबईस जात. कापणाऱ्याच्या हाती काय पडे? पुष्कळदा शिव्या आणि मार. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी नवराबायको आयुष्यभर सावकाराकडे राबत. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. वेठ तर सर्रास चाले. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने उंबरगाव-डहाणू भागात या वेठीविरुद्ध लढा उभारला. गवतकापणीच्या दिवसांत मागणी झाली ती पाचशे पौंड गवताला अडीच रुपये मजुरीची. त्याच ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार होऊन पाच जण ठार झाले. दिवाळी तेव्हा तीन-चार आठवड्यांवर होती. गोदावरीबाईंनी हे सारे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिले. त्याला १९७२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

आमच्या घरी त्या सालाविषयी बोलणे होत नसे. आजोबा पारशी तरुणांवरून थेट स्वातंत्र्यावर येत.

मी विशीत असताना, म्हणजे चाळीसएक वर्षांपूर्वी, सूर्येकाठच्या एका पाड्यावर सायकल पंक्चर झाली. ओट्यावर एक म्हातारे बसले होते. त्यांनी पाणी दिले, गाव विचारले. मी पाम म्हणालो. मग कोणाचा, म्हणून विचारले. मी आजोबांचे नाव आणि वखार सांगितली. म्हातारे बराच वेळ माझ्या सायकलीकडे पाहत राहिले.

“तुझा आजा सायकलवर यायचा,” ते म्हणाले. “घंटी वाजली का आम्ही पोरं रानात पळायचो. बाप म्हणायचा, दिसू नका, दिसाल तर गवताला नेतील.”

मी म्हणालो, “बाबा, आजोबा मारायचे का?”

“तो नाय मारायचा. तो लिहायचा.”

पुढे ते काही बोलले नाहीत. पंक्चर काढायला त्यांच्या नातवाने मदत केली आणि पैसे घेतले नाहीत. परतीच्या वाटेवर तोच रस्ता, तीच शांतता होती. मात्र ती मला निराळी ऐकू येत होती. वाहने नाहीत म्हणून रस्ता शांत असतो, हे खरेच. पण घंटी ऐकून माणसे रानात शिरली, म्हणूनही तो कधीकाळी शांत झाला होता. माझ्या आधीच्या उत्तरात हे कोठेच नव्हते.

वडिलांची सायकल अॅटलस. साठीच्या दशकात तारापूरला अणुवीज केंद्राचे काम निघाले, तेव्हा ते रोज पामहून तिकडे कामाला जात. पहाटे सायकलींची रांग लागे, म्हणत. १९६९ साली केंद्र सुरू झाले, देशातले पहिले. मग औद्योगिक वसाहत आली आणि आमच्या गावाच्या वेशीपर्यंत कारखाने आले. तेव्हापासून शांत रस्त्यासाठी पामच्या माणसाला खिंड ओलांडावी लागते. आता तेही किती दिवस, कोण जाणे. बुलेट ट्रेनचे स्थानक बोईसरला होत आहे, नवा द्रुतगती महामार्ग तालुक्यातून जातो, आणि २०२४च्या ऑगस्टमध्ये वाढवण बंदराची पायाभरणी झाली. बंदराला रस्ते लागणार आणि ते डोंगराकडेच जाणार. पूर्वी ओझे डोंगरातून पाण्याकडे उतरे. आता ते पाण्याकडून डोंगराकडे चढेल.

शहरातले सायकलवाले मित्र याने हळहळतात. पाड्यावरच्या पोरांना मी विचारले, तर एक म्हणाला, “रस्ता झाला तर बरं, पण जमीन कोणाची जाणार?” त्याच्या प्रश्नापुढे माझ्या सकाळच्या फेरीचे दुःख मला बोलून दाखवता आले नाही.

यंदाही वाघबारशीला मी खिंडीत नारळ ठेवीन आणि पलीकडे उतरेन. सायकलीला चांगली पितळी घंटी आहे, आजोबांच्याच हर्क्युलीसची काढून बसवलेली. बोईसरच्या गर्दीत ती खणखणीत वाजते. पाड्यांजवळ आलो की मी तिच्यावरून अंगठा काढतो आणि लांबूनच हाक घालतो, “आलो हो, पामवाला!”