बोरूचा वेग आणि कळफलकाचा हिशेब

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यांतील जांब हें गांव समर्थ रामदासांचें जन्मस्थान म्हणून सर्व महाराष्ट्रास ठाऊक आहे. इ. स. 1608 मध्यें ठोसरांच्या ज्या घरांत त्यांचा जन्म झाला तें घर परंपरेनें कुलकर्ण्यांचें, म्हणजे गांवचें दप्तर सांभाळणाऱ्यांचें, मानलें जातें. आज तशाच गांवांतला शेतकरी सातबाऱ्याच्या उताऱ्यासाठीं सेवा केंद्रांतल्या संगणकापुढें उभा राहतो. बोरूच्या जागीं कळफलक आला, दप्तर मात्र उरलेंच. अमुक एक काम उरकण्यास माणसाला किती वेळ लागेल, हें काम होण्यापूर्वींच सांगतां येईल काय, असा प्रश्न संगणकशास्त्रज्ञ गेलीं चाळीस-पंचेचाळीस वर्षें विचारीत आले आहेत. आमच्या मतें हा प्रश्न निदान आमच्या कारकुनांइतका तरी जुना आहे.

मोडी लिपि हेमाडपंतानें प्रचारांत आणली असें परंपरा सांगते. त्या वादांत आम्ही येथें शिरत नाहीं. ती कोणीही आणलेली असो, तिच्या घडणींत वेळेचा विचार पदोपदीं दिसतो. पानावर प्रथम आडव्या रेघा ओढावयाच्या आणि मग त्या रेघेखालीं, हात शक्य तितका न उचलतां, अक्षरामागून अक्षर सोडीत जावयाचें. बालबोधींत प्रत्येक अक्षरागणिक जो टाक उचलावा लागतो, तो येथें वांचतो. परंतु आम्हांस याहून मार्मिक वाटते ती दुसरीच गोष्ट. मोडींत वेलांटी एकच, ती दीर्घ. उकारही एकच, तो ऱ्हस्व. ऱ्हस्व कीं दीर्घ, असा विचार करीत कारकुनाला थबकावें लागत नसे. शुद्धलेखनाचे अभिमानी यास मोडीचें वैगुण्य समजतात. आम्ही यास काटकसर म्हणूं. हाताच्या हालचालीबरोबर येथें मनाचा विरामही वांचविलेला आहे. मात्र ही काटकसर फुकटची नव्हती. शब्द सलग, ऱ्हस्वदीर्घ गेलेलें, अक्षरें एकमेकांत अडकलेलीं. त्यामुळें लिहिणाऱ्याचा जो वेळ वांचला तो वाचणाऱ्याच्या खात्यावर पडला. जुन्या कागदांशीं ज्यांनीं झटापट केली आहे त्यांस हें निराळें सांगावयास नको.

आतां अमेरिकेकडे वळूं. तेथील पॉल फिट्स या मानसशास्त्रज्ञानें 1954 मध्यें असें दाखविलें कीं, एखाद्या लक्ष्यावर हात नेण्यास लागणारा वेळ त्या लक्ष्याच्या अंतरावर व आकारावर अवलंबून असतो. दूरचें व लहान लक्ष्य अधिक वेळ खातें. पुढें स्टुअर्ट कार्ड, टॉमस मोरान व ॲलन न्यूएल या तिघांनीं 1980 मध्यें संगणकावरील कामाचें गणितच मांडलें. काम कितीही गुंतागुंतीचें असो, त्याचे बारीक तुकडे पाडावयाचे. साधारण हात असलेल्यास एक कळ दाबण्यास 0.28 सेकंद, माऊसनें पडद्यावरील जागा दाखविण्यास 1.1 सेकंद, कळफलकावरून हात माऊसकडे नेण्यास 0.4 सेकंद, आणि मनाची तयारी करण्यास 1.35 सेकंद. मग नुसती बेरीज!

आम्हीं हें गणित मराठीवर लावून पाहिलें. सरकारनें 1986 मध्यें प्रमाण ठरविलेल्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर स्वर डाव्या हातास व व्यंजनें उजव्या हातास आहेत. त्यावर ‘जांब समर्थ’ हे दोन शब्द लिहूं. पहिल्यास चार कळा, मधल्या मोकळ्या जागेची एक, दुसऱ्यास पाय मोडण्याची कळ धरून पांच, आणि ‘थ’साठीं शिफ्टची एक, एकूण अकरा. त्यांचे 3.08 सेकंद. लिहावयाच्या चौकटींत शिरण्यासाठीं हात माऊसकडे नेणें व परत आणणें यांचे 0.8, चौकट दाखविणें 1.1, माऊसची कळ 0.2, आणि मनाची तयारी दोनदां धरल्यास 2.7. बेरीज 7.88 सेकंद. आंकडे इंग्रजी कळफलकावरून उसने घेतलेले आहेत, तेव्हां शेवटच्या दशांशाचा आग्रह आम्ही धरीत नाहीं. पण सुमारें तिसरा हिस्सा वेळ हात स्तब्ध असतांना जातो, ही गोष्ट मोडीच्या एकट्या वेलांटीची आठवण करून देते.

हा पोकळ खेळ नव्हे. 1990 च्या आसपास न्यूयॉर्कच्या टेलिफोन कंपनींत ऑपरेटरांसाठीं नवें यंत्र घ्यावयाचें होतें. तें दिसण्यांत चपळ, कळाही कमी दाबावयास लावणारें. वेन ग्रे, बॉनी जॉन व मायकेल ॲटवुड यांनीं मात्र याच जातीचा हिशेब करून भाकित केलें कीं, नवें यंत्र जुन्याहून मंद ठरेल. आणि प्रत्यक्ष कामांत तें खरोखरच मंद ठरलें. कारण मोठें गमतीचें आहे. ज्या कळा वांचल्या, त्या ऑपरेटर एरवींही वाट पाहत असे अशा वेळच्या होत्या. आणि जी वाढली ती नेमकी संभाषण संपतांना, सगळें काम तिच्यासाठीं अडून राहील अशा जागीं. दर कॉलमागें एक सेकंद वांचला तर वर्षास तीस लाख डॉलर वांचतात, असा त्या कंपनीचा अंदाज होता. तेव्हां हें भाकित किती मोलाचें, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

परंतु या गणिताच्या कर्त्यांनीं स्वतःच एक अट घातली आहे, आणि तीच पुष्कळदां विसरली जाते. हें गणित सरावलेल्या व न चुकणाऱ्या माणसाचें आहे. त्यांच्याच कोष्टकांत सरासरी कुशल टंकलेखकास एका कळेस 0.2 सेकंद दिले आहेत, तर कळफलक अनोळखी असणारास 1.2. म्हणजे आमच्या त्या अकरा कळा एकास 2.2 सेकंदांच्या, तर दुसऱ्यास 13.2 सेकंदांच्या. शिवाय चुकणें, खोडणें, बिचकून शेजाऱ्यास विचारणें, यांस कोष्टकांत जागाच नाहीं. 2018 च्या महाराष्ट्रदिनीं डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला, तेव्हां तलाठ्याकडचा हेलपाटा वांचला हें आम्ही आनंदानें मान्य करतों. पण यंत्र रचणारानें सरावलेल्या बोटांचे सेकंद मोजले आणि तें वापरावयास आला पहिल्यांदांच कळफलक पाहणारा वृद्ध, तर मोडीच्या कारकुनानें वाचणारावर टाकलें तेंच ओझें येथें पुन्हां पडतें. रांगेंतल्या लोकांच्या लेखीं मंद ठरतो तो मात्र म्हातारा.

जांबच्या कुलकर्ण्यांच्या या मुलानें दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समासच लेखनावर खर्चिला आहे, आणि तोही मोडीवर नव्हे, बालबोधावर. पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत सारें एकाच टाकानें लिहिल्यासारखें एकसारखें असावें, पानाच्या कडेस जागा सोडावी, असे बारकावे त्यांत आहेत. त्यांतच तरुणपणीं फार बारीक लिहूं नये, मध्यम लिहावें, असा उपदेश आहे. कां, तर तें बारीक अक्षर म्हातारपणीं उपयोगीं पडत नाहीं. लिहितांनाच पुढच्या थकलेल्या डोळ्यांची तरतूद केलेली ही! सेवा केंद्राच्या पडद्यावरचीं अक्षरें आम्हांस या मापानें अनेकदां बारीकच आढळलीं आहेत.