बुऱ्हाणपूरच्या छावणीतील फारसी

तापीकाठच्या बुऱ्हाणपुरास गेलेला जिज्ञासू प्रवासी तेथील जामा मशीद पाहिल्याविना परतत नाही. फारुकी घराण्यातील आदिलशहाने बांधविलेल्या या मशिदीत अरबी लेखाच्या जोडीला १५९० चा एक संस्कृत लेख आहे. पुढे अकबराने खानदेश जिंकला आणि त्या विजयाचा फारसी लेखही तेथे कोरला गेला. हा विजय ज्यांनी समक्ष पाहिला, त्यांत दोघे येशूसंघीय होते: फादर जेरोम झेवियर आणि ब्रदर बेंतो द गोइश.

फादर जेरोम हे सेंट फ्रान्सिस झेवियर यांच्या नात्यातील. १५९५ मध्ये ते लाहोरला अकबराच्या दरबारी आले, तेव्हा त्यांच्यापुढील पहिले काम होते फारसी शिकण्याचे. दुभाष्याकरवी सलाम व नजराणे पोहोचतात. परंतु ‘देवाचा पुत्र’ हे शब्द दुभाष्याच्या मुखातून कोणत्या अर्थाने बाहेर पडतील, याची शाश्वती कोण देणार? म्हणून उतारवयाकडे झुकलेल्या या विद्वानाने पुनश्च विद्यार्थीदशा पत्करली.

या भाषेची राजकीय किंमतही त्यांना मोजावी लागली. १६०० मध्ये अकबराने बुऱ्हाणपूर घेतले. पण जवळचा असीरगड शरण येईना. पोर्तुगिजांकडून तोफा मागविण्यासाठी पत्र लिहा, असे बादशहाने फादरांस फर्माविले. असे कृत्य ख्रिस्ती धर्मास संमत नाही, असे सांगून त्यांनी नकार दिला. खानदेशाशी पोर्तुगिजांचे सख्य होते, हे कारणही त्यामागे असावे, असे इतिहासकार म्हणतात व ते नाकारण्याचे प्रयोजन नाही. बादशहा कोपला, पुढे निवळला. जानेवारी १६०१ मध्ये गड पडला.

यानंतर १६०२ मध्ये आग्रा येथे ‘मिरात-उल-कुद्स’ हे ख्रिस्तचरित्र फारसीत सिद्ध झाले. ते एकट्या फादरांचे नव्हे; लाहोरचे मौलाना अब्दुस सत्तार बिन कासिम हे त्यात सहकारी होते. येथे गुरू कोण व शिष्य कोण, हे ठरविणे कठीण आहे. अकबराच्या आज्ञेने मौलानाही फादरांपाशी फिरंग्यांची भाषा शिकत होते. सहा महिन्यांत ग्रंथाचा अर्थ कळू लागला, बोलता मात्र येईना, असे त्यांनी प्रांजळपणे नमूद केले आहे. (आमच्या सेमिनरीतील हिब्रूच्या विद्यार्थ्यांस हे वाचून धीर येईल!) त्या ज्ञानाच्या बळावर त्यांनी १६०३ मध्ये ग्रीक व रोमन तत्त्वज्ञांविषयी फारसीत ग्रंथ रचला.

या चरित्रावर युरोपात टीका झाली. १६३९ मध्ये लुडोविकस द दियू या प्रॉटेस्टंट पंडिताने लायडेन येथे ते लॅटिन भाषांतरासह छापले, ते शुभवर्तमानात नसलेल्या कथांची भर दाखवून देण्यासाठीच. ही टीका सर्वस्वी अनाठायी म्हणता येणार नाही. याच काळात गोव्यात फादर स्टीफन्स मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचीत होते. त्यांचे श्रोते गावोगावचे ख्रिस्ती होते. जेरोम यांचा श्रोता मुख्यत्वे एक बादशहा. १६०५ मध्ये तो निवर्तला. पुढे गोव्यास परतलेले फादर जेरोम १६१७ मध्ये तेथेच मरण पावले.

मौलाना मात्र जहांगीराच्या दरबारी राहिले. तेथील रात्रीच्या वादसंवादांची त्यांनी नोंद ठेवली. तीत पाद्र्यांशी झालेले वाद आहेत, आणि पाद्र्यांकडून मिळविलेले ज्ञान मौलाना त्यांच्याच विरुद्ध योजताना दिसतात. ‘मजालिस-ए-जहांगीरी’ या नावाची ती नोंदवही २००६ मध्ये तेहरान येथे छापून प्रसिद्ध झाली.