कागदाची गिरणी आणि वेळूचे वन

बल्लारशाहून दक्षिणेकडे निघालेली आगगाडी वर्धा नदी ओलांडून जुन्या हैदराबाद संस्थानाच्या मुलखात शिरते, तेव्हा काही वेळाने सिरपूर नावाची दोन स्थानके लागतात. एक सिरपूर टाउन आणि दुसरे सिरपूर कागजनगर. पहिले जुन्या गावाचे, दुसरे गिरणीचे. ज्या ठिकाणी कागजनगर वसले तेथे पूर्वी कोत्तापेट नावाचे खेडे होते. गावाचे नाव मागे पडून त्या जागी मालाचे नाव रूढ व्हावे, हा मान निजामाच्या राज्यात दोन वस्तूंना मिळाला. बोधनजवळ १९३७ साली साखरेचा कारखाना निघाला, त्याभोवतीची वस्ती शक्करनगर झाली. कोत्तापेटला १९४२ साली कागद निघू लागला, ते कागजनगर झाले.

ही दोन नावे सख्ख्या भावंडांसारखी दिसत असली तरी दोन्ही कारखान्यांच्या जागा ठरल्या त्या वेगळ्या न्यायाने. मांजरा नदीवरील निजामसागर धरण १९३१ साली पुरे झाले. कालव्याखाली ऊस उभा राहिला आणि उसापाशी कारखाना आला. तेथे कच्चा माल मनुष्याने पिकविलेला होता. किती एकर ऊस लावावयाचा हे आदल्या वर्षी ठरविता येत होते. आदिलाबाद जिल्ह्यातील वेळू मात्र कोणी पेरलेला नव्हता. तो डोंगरउतारावर आपोआप वाढलेला होता. कागजनगरचा पुढील सारा इतिहास या एका भेदाभोवती फिरलेला आहे.

हिंदुस्थानात यंत्रावर कागद करणाऱ्या पहिल्या मोठ्या गिरण्या बंगालमध्ये हुगळीच्या काठी उभ्या राहिल्या. टिटागढ हे त्यांतील ठळक नाव. कोळसा जवळ, बंदर जवळ, कलकत्त्याची बाजारपेठ दाराशी. परंतु कागदासाठी लागणारे साबई गवत मात्र शेकडो मैलांवरून आणावे लागे. गवताची तूट पडू लागली, तेव्हा डेहराडूनच्या वनसंशोधन संस्थेत बांबूपासून लगदा करण्याचे प्रयोग झाले. बांबूचे पेर कठीण, पेरांतील गाठी त्याहून कठीण. त्या शिजवाव्या कशा, हा खरा पेच होता. तो सुटल्यावर १९२५ साली बांबूच्या कागदधंद्याला संरक्षण देणारा कायदा झाला. त्या दिवसापासून ज्या संस्थानापाशी वेळूचे रान होते, त्याच्यापाशी कागदाची गिरणी काढण्याचे कारणही होते.

आदिलाबादला रान पूर्वीपासून होते. तेथवर पोहोचण्याची वाट नव्हती. काझीपेठ ते बल्लारशा हा लोहमार्ग १९२९ साली पुरा झाला आणि दिल्ली-मद्रास हा सरळ रस्ता त्या अरण्यातून गेला. त्याच मार्गावर बेल्लमपल्लीला सिंगरेणी कंपनीच्या कोळशाच्या खाणी नुकत्याच सुरू झाल्या होत्या. गावाजवळून पेद्दवागू वाहते. तेलुगूत पेद्द म्हणजे मोठा आणि वागू म्हणजे ओढा. हा मोठा ओढा पुढे प्राणहितेला मिळतो. वेळू, कोळसा, पाणी आणि रूळ ही चारही जेथे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर येतात, अशी जागा संस्थानात दुसरी सापडणे अवघड होते. १९३८ साली सिरपूर पेपर मिल्स ही कंपनी स्थापन झाली.

राजधानीत गिरणी काढण्याचा मोह कोणत्याही सरकारला होतो. कागदाचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे सरकारी कचेऱ्या व छापखाने, आणि ते हैदराबादेत. मग गिरणी तेथे का काढू नये? याचे उत्तर आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १९०९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सापडते. कारखान्यात शिरताना माल किती जड आणि बाहेर पडताना किती हलका, हे पाहावे, असा त्याचा रोख होता. एक टन कागदासाठी साधारण अडीच टन बांबू लागतो. ज्वलनासाठी कोळसा लागतो तोही टनावारी, आणि त्याचा एक कणही कागदात उतरत नाही. राजधानीपर्यंत हा सारा भार वाहून न्यावयाचा आणि त्यातील बहुतेक भाग धुरात व सांडपाण्यात घालवावयाचा, यापेक्षा रानाजवळ कागद करून तयार रिमे डब्यांत भरणे कितीतरी स्वस्त. पाण्याची गोष्ट तर बोलावयासच नको. लगदा धुण्यास लागणारे पाणी गाडीने नेता येत नाही; कारखान्यालाच नदीकडे जावे लागते.

जागा ठरली म्हणजे आखणीचा प्रश्न येतो, आणि कागदाच्या गिरणीची आखणी हा मोठा मनोरंजक विषय आहे. सामान्य माणसाला वाटेल की प्रथम दरवाजा आणि कचेरी यांची जागा ठरत असावी. प्रत्यक्षात प्रथम ठरते ती कागदयंत्राची इमारत. हे यंत्र लांबच लांब असून ते तसूभरही वाकविता येत नाही. जाळी, दाबाचे रूळ आणि वाफेने तापविलेले वाळवणीचे रूळ एका सरळ रेषेत असावे लागतात. पाया खचला तर धावणारा ओला पट्टा फाटतो. म्हणून सर्वांत घट्ट व सपाट जमीन त्याला द्यावयाची, त्याच्या बाजूस दुसऱ्या यंत्रापुरती जागा मोकळी ठेवावयाची आणि बाकीच्या इमारती त्याच्या अनुरोधाने बसवावयाच्या. जो आखणीकार ही मोकळी जागा ठेवण्यास विसरतो, त्याच्या गिरणीला वाढताना स्वतःच्याच भिंती पाडाव्या लागतात.

त्यानंतर येतो बांबूचा आवार, आणि तो लोकांच्या कल्पनेपेक्षा पुष्कळच मोठा लागतो. पावसाळ्यात रानात तोड बंद असते, वाटा चिखलाने बुजतात. यंत्र मात्र थांबवून चालत नाही. म्हणून पाऊस पडण्यापूर्वी कित्येक महिन्यांची बेगमी करून ठेवावी लागते. उन्हात तडकलेला बांबू ठिणगीची वाटच पाहत असतो. यासाठी गंजींमध्ये रुंद बोळ सोडतात, जागोजाग पाण्याचे नळ ठेवतात, आणि उन्हाळ्यात वारा कोणीकडून वाहतो हे पाहून धुराड्याच्या ठिणग्या आवारावर येणार नाहीत अशी बाष्पकांची जागा ठरवितात. बांबूच्या चिपा एकदाच उंच चढवून शिजवण्याच्या उभ्या भांड्यांत टाकतात. शिजलेला लगदा पुढे धुलाईस, विरंजनास, कुटाईस आणि शेवटी यंत्रावर जातो. वाटेत त्याला मागे फिरावे लागू नये ही कसोटी. उरलेले काळे द्रावण आटवून भट्टीत जाळतात आणि त्यातील सोडा परत मिळवितात, म्हणून ती भट्टी शिजवणीच्या शेजारी. कोळशाचा फाटा एका टोकाला, कागद भरण्याचा दुसऱ्या. पांढऱ्या मालावर काळी धूळ कोणाला हवी? पाणी नदीच्या वरच्या अंगास घ्यावयाचे, सांडपाणी खालच्या अंगास सोडावयाचे. खालच्या अंगास ज्यांची गावे असतात त्यांचे मत या आखणीत विचारले जात नसे.

गिरणीचे बांधकाम झाले ते महायुद्धाच्या धामधुमीत. परदेशी कागदाची आवक घटली, टंचाई आली, नियंत्रणे आली. अशा वेळी १९४२ मध्ये सुरू झालेल्या गिरणीला गिऱ्हाईक शोधण्याची चिंता नव्हती. पुढे तिचे व्यवस्थापन बिर्ला समूहाकडे गेले. कृत्रिम रेशमाचा सिरसिल्क कारखानाही कागजनगरलाच उभा राहिला. एकाने वसविलेल्या गावी दुसऱ्याला कामगार, रूळ आणि बाजार आयते मिळतात. वेबरचा हिशेब येथपर्यंत खरा ठरला.

हिशेबात न धरलेल्या बाबी रानाच्या बाजूला होत्या. ज्या आसिफाबाद-उटनूरच्या डोंगरांकडे कागदधंदा कच्च्या मालाचे भांडार म्हणून पाहत होता, ते गोंड आणि कोलाम लोकांचे घर होते. राखीव जंगलाच्या सीमा आखल्या गेल्या तसतशी त्यांची शेते व गुडे त्या रेषांच्या आत सापडून बेकायदा ठरली. गिरणी उभी राहत होती त्याच सुमारास, त्याच जिल्ह्यात, जोडेघाटच्या डोंगरावर कोमरम भीम यांच्या नेतृत्वाखाली गोंडांनी जमिनीचा आणि जंगलाचा हक्क मागितला. १९४० साली भीम पोलिसांच्या गोळीबारात मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने क्रिस्टोफ फ्युरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञास गोंडांच्या असंतोषाची कारणे शोधण्यास सांगितले, आणि मारलावाई येथे गोंडीतून शिक्षण देण्याचा उपक्रम सुरू झाला. या उठावाचे कारण गिरणी होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. पण रान हे सरकारी कोठार आहे ही जी समजूत उठावाच्या मुळाशी होती, तिच्याच आधारावर गिरणीची जागा ठरली होती.

वेळूचा स्वभावही आखणीकाराला जाचक. बेटातील कोवळे कोंब व पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या काठ्या राखून तोड करावी आणि त्याच बेटाकडे तीन-चार वर्षांनी परतावे, असा नियम आहे. नियम पाळला तरी काही दशकांनी बेटांना फुलोरा येतो आणि फुललेले बेट मरते. नवीन रोप तोडीला येण्यास वर्षे लागतात. १९७० नंतरच्या दशकात माधव गाडगीळ यांनी कर्नाटकातील कागद गिरण्यांना बांबू पुरविणाऱ्या जंगलांचा अभ्यास केला, तेव्हा बांबूच्या साठ्याचे मूळ अंदाज वास्तवापेक्षा कितीतरी फुगविलेले आढळले. बेटाच्या बुडाशी असलेली काटेरी जाळी ‘साफसफाई’ म्हणून काढल्याने कोंब गुरांच्या तोंडी जात, हेही त्यांनी दाखविले. गावकरी ती जाळी तशीच ठेवीत असत, पण त्यांना कोणी विचारले नव्हते.

कागजनगरच्याच लोहमार्गावर, वर्धेच्या काठी बल्लारपूरला १९४५ साली दुसरी कंपनी निघाली. तिचाही हिशेब तोच होता: रान चांद्याचे, कोळसा गावचाच, नदी दाराशी. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्याचा राजुरा तालुका मराठी मुलखात आला आणि दोन्ही गिरण्यांच्या मधून राज्याची सीमा गेली. रानाचा पट्टा मात्र एकच राहिला.

बांबू कमी पडू लागला तसा कागदधंदा निलगिरी व सुबाभूळ यांच्या लाकडाकडे वळला. हे लाकूड शेतकरी आपल्या शेतात लावतो, म्हणजे कागद अखेर उसाच्याच वाटेने गेला. सिरपूरची गिरणी २०१४ साली बंद पडली. घरांत पगार येईना, बाजार ओस पडला. एकाच मालाच्या नावाने वसलेल्या गावाला दुसरा आधार नव्हता. दिवाळखोरीच्या कायद्याखाली २०१८ मध्ये जे. के. पेपर कंपनीने ती घेतली आणि तिचे धुराडे पुन्हा पेटले. दरम्यान २०१६ साली जिल्ह्याचे चार तुकडे झाले होते. ज्या नव्या जिल्ह्यात कागजनगर पडले, त्याला कुमरम भीम यांचे नाव दिले आहे. उत्तरेस, गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावाला एप्रिल २०११ मध्ये आपल्या जंगलातील बांबू स्वतः तोडून विकण्याचे परवाने मिळाले. त्या बांबूवर पूर्वी कागद गिरणीची तोड चालत असे. आता त्याची किंमत ग्रामसभा ठरविते.