जुन्या वस्तूंच्या बाजारातील खरेदी आणि इतिहासाची साधने

प्रस्तावना

कागदपत्रे, शिलालेख, ताम्रपट आणि नाणी यांचा इतिहासाची साधने म्हणून विचार महाराष्ट्रात शंभराहून अधिक वर्षे होत आला आहे. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. त्यानंतर माळ्यावर धूळ खात पडलेली दप्तरे रद्दीत जाण्याऐवजी संशोधकांच्या हाती येऊ लागली. मात्र त्याच माळ्यांवरील समया, घंगाळी, अडकित्ते, पानाचे डबे आणि दौती यांच्या वाट्याला असे भाग्य क्वचितच आले. त्या वस्तू बाजारात गेल्या. आज त्यांचा शोध घ्यावयाचा झाल्यास अभ्यासकाला दप्तरखान्याऐवजी जुन्या वस्तूंच्या दुकानात जावे लागते. अशा दुकानातील खरेदी इतिहासाच्या दृष्टीने काय राखते आणि काय नष्ट करते, याचा मुंबई व पुणे येथील बाजारांच्या संदर्भात विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वस्तू घराबाहेर पडण्याची कारणे

तांब्यापितळेची भांडी ही मराठी कुटुंबाची केवळ सोय नव्हती, तर ती अडीअडचणीला उपयोगी पडणारी ठेवही होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्टेनलेस स्टीलचा प्रसार झाला. कल्हई करण्याचे, चिंचेने घासण्याचे श्रम नकोसे झाले. एकत्र कुटुंबे विभागली, वाड्यांच्या जागी इमारती आल्या. पुण्यात १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटून आलेल्या पुराने नदीकाठच्या पेठांतील अनेक वाडे व त्यांतील संसार एका दिवसात उद्ध्वस्त केले. लहान सदनिकेत पाच पायल्यांचे पातेले किंवा पुरुषभर उंचीचे लाकडी कपाट मावणे अशक्य होते.

या वस्तूंची वाट बहुधा ‘मोडी’कडे जात असे. मोडीत वस्तूला रूप नसते, केवळ वजन असते. नक्षीदार तांब्या आणि ठेचलेला गडवा यांना तेथे एकच भाव मिळतो आणि दोन्ही एकाच भट्टीत वितळतात. जरीच्या जुन्या वस्त्रांचीही हीच गत झाली. जरीतील मौल्यवान धातू मिळविण्यासाठी पैठण्या व शेले जाळले गेले. जुन्या वस्तूंच्या दुकानाचे महत्त्व येथे ध्यानात येते. मोड वजनावर घेतली जाते, तर दुकानदार नगावर घेतो. ज्या दिवशी वस्तूला वजनापेक्षा अधिक किंमत देणारा ग्राहक मिळाला, त्या दिवशी ती भट्टीपासून वाचली.

मुंबई व पुणे येथील बाजार

मुंबईतील भेंडीबाजारालगतची मटन स्ट्रीट ही गल्ली व तिच्या आसपासचा परिसर ‘चोरबाजार’ या नावाने सर्वपरिचित आहे. मूळ नाव ‘शोरबाजार’ असून त्याचा पुढे अपभ्रंश झाला, असे सांगितले जाते. तेथील दुकानांत काचेची झुंबरे, चिनी मातीची भांडी, लंबकाची घड्याळे, ग्रामोफोन, नक्षीदार लाकडी सामान, जहाजांवरील दिवे आणि जुन्या चित्रपटांची भित्तिपत्रके यांची दाटी असते. बंदराचे शहर, पारशी व बोहरा व्यापारी घराणी, युरोपीय अधिकाऱ्यांचे बंगले आणि चित्रपट उद्योग हे मुंबईच्या इतिहासाचे चार प्रवाह या मालातून सहज ओळखता येतात. चित्रपटांच्या नेपथ्यासाठीही येथून सामान नेले जाते.

पुण्यात मंगळवार पेठेच्या परिसरात बुधवारी व रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजाराचे स्वरूप निराळे आहे. तेथे जमिनीवर अंथरलेल्या फडक्यावर कुलपे, वजने, नाणी, हत्यारे आणि देवघरातील उपकरणी एकत्र मांडलेली आढळतात. मुंबईच्या दुकानात शहराचा वैभवकाळ दिसतो, तर पुण्याच्या फडक्यावर मध्यमवर्गीय घर आणि कारागिराची कार्यशाळा दिसते.

भांड्यांवरील लेख

दुकान वस्तूचे रूप वाचविते, हे खरे आहे. परंतु त्या व्यवहारात तिचे पूर्ववृत्त बहुधा हरवते. वस्तू कोणत्या गावच्या, कोणत्या घराची आणि कोणत्या प्रसंगाची होती, हे दुकानदाराला अनेकदा ठाऊक नसते. ठाऊक असले तरी ते सांगण्यात त्याचे हित असतेच असे नाही, कारण त्यातून त्याच्या पुरवठ्याचा माग उघड होतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे भांड्यांवर घातलेली नावे होत. महाराष्ट्रात भांडे विकत घेतल्यावर किंवा भेट देताना त्यावर टिंबाटिंबांनी नाव कोरून घेण्याची पद्धत होती. देणाऱ्याचे व घेणाऱ्याचे नाव, नाते, गाव, लग्न वा मुंज यांसारखा प्रसंग आणि इसवी सन किंवा शक असा मजकूर त्यावर आढळतो. शकात अठ्ठ्याहत्तर मिळविले असता सामान्यतः इसवी सन मिळतो, म्हणजे कालनिश्चितीही साधते. आहेराची देवघेव कोणत्या नात्यांत होत असे, नोकरीनिमित्त कुटुंबे कोठे स्थलांतरित झाली, स्त्रीचे नाव कसे लिहिले जात असे, या प्रश्नांची उत्तरे शोधण्यास हे छोटे लेख उपयुक्त आहेत. सामान्य कुटुंबांतील स्त्रियांची नावे जुन्या कागदपत्रांत अभावानेच येतात, हे लक्षात घेतले तर या लेखांचे मोल अधिकच वाटते. परंतु भांडे दर्शनी मांडण्यापूर्वी त्यास यंत्रावर झिलई दिली की पहिल्यांदा पुसट होतो तो हाच मजकूर. ग्राहकाला चकाकी हवी असते, नाव नको असते.

पूर्ववृत्त हरविले की बनावट वस्तूंना वाट मोकळी होते. पितळी कर्णा असलेला ग्रामोफोन हे त्याचे परिचित उदाहरण आहे. अमेरिकेत १९०६ मध्ये ‘व्हिक्ट्रोला’ हे पेटीच्या आत कर्णा दडविलेले यंत्र बाजारात आले आणि पुढे बाहेर कर्णा असलेली यंत्रे मागे पडली. तरीही भारतातील जुन्या वस्तूंच्या दुकानांत चकचकीत कर्ण्यांचे ग्रामोफोन विपुल दिसतात. त्यांतील पुष्कळसे नंतरच्या सुटकेससारख्या यंत्रांचे भाग घेऊन, त्यावर नवा कर्णा बसवून तयार केलेले असतात. अशी वस्तू शोभेला चालेल, मात्र पुरावा म्हणून ती निरुपयोगी आहे.

कायद्याची मर्यादा

भारतात पुरावस्तू व कलानिधी अधिनियम १९७२ मध्ये संमत झाला आणि ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आला. त्यानुसार किमान शंभर वर्षांची वस्तू, तसेच शास्त्रीय, ऐतिहासिक वा वाङ्मयीन मूल्य असलेले किमान पंचाहत्तर वर्षांचे हस्तलिखित पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीला ती निर्यात करता येत नाही. नोंदणीची सक्ती मात्र मुख्यतः शिल्पे, चित्रे व सचित्र हस्तलिखिते अशा अधिसूचित वर्गांपुरती आहे. अडकित्ता किंवा घंगाळ यांची नोंद कोणी मागत नाही.

पूर्ववृत्ताची छाननी न करता केलेली खरेदी मोठ्या संस्थांनाही महागात पडते. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या एका विक्रेत्याकडून नटराजाची चोलकालीन कांस्यमूर्ती सुमारे पन्नास लाख अमेरिकन डॉलरना घेतली. तिच्यासोबतची मालकीची कागदपत्रे खोटी होती. ती तमिळनाडूतील श्रीपुरंदान येथील मंदिरातून चोरीस गेली होती, असे निष्पन्न झाले आणि २०१४ मध्ये ती भारतास परत करण्यात आली. मंदिरातील मूर्तीचा माग लागू शकला, कारण तिची पूर्वीची छायाचित्रे उपलब्ध होती. घरगुती वस्तूंच्या बाबतीत अशी छायाचित्रे जवळजवळ नसतातच.

ग्राहक झालेला संग्राहक

खरेदीतून इतिहासाचे साधन कसे उभे राहते, याचा आदर्श पुण्यातच आहे. दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) यांचा व्यवसाय चष्म्यांचा होता आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. सुमारे १९२० पासून त्यांनी देशभर हिंडून दिवे, अडकित्ते, दौती, वाद्ये, फण्या, स्वयंपाकाची उपकरणे आणि कोरीव दारे जमविली. पत्नी कमलाबाई यांची त्यांना साथ होती. अकाली निधन पावलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या, स्मरणार्थ त्यांनी संग्रहालयाला त्याचे नाव दिले आणि १९७५ मध्ये वीस हजारांहून अधिक वस्तूंचा हा संग्रह महाराष्ट्र शासनास अर्पण केला. ज्या काळात अडकित्त्याला मोडीचा भाव होता, त्या काळात त्यांनी त्यास कलाकृतीचा मान दिला. एक अडकित्ता कुतूहल जागवितो, तर शेकडो अडकित्ते शेजारी ठेवले की घडणीतील भेद, प्रादेशिक शैली आणि कारागिराची कल्पकता दिसू लागते. विखुरलेल्या वस्तूंचा असा समूह बनविणे, हे दुकानाला न साधणारे कार्य संग्राहक करतो.

समारोप

जुन्या वस्तूंचे दुकान हे इतिहासाचे मित्रही आहे आणि शत्रूही. मोडीपासून ते वस्तूला वाचविते, परंतु तिची कथा गल्ल्यापाशीच संपवते. भेंडीबाजाराच्या सुमारे साडेसोळा एकर क्षेत्राचा पुनर्विकास २००९ मध्ये स्थापन झालेल्या सैफी बुऱ्हाणी अपलिफ्टमेंट ट्रस्टने हाती घेतला. बाजारालगतची वस्तीच अशी बदलू लागल्याने जुन्या विक्रेत्यांची मौखिक माहिती मिळविण्याचा काळही आकुंचित होत आहे.

या संदर्भात महाविद्यालयांना फारसा खर्च न करता बरेच काही करता येईल. इतिहास विभागाने एक वस्तुनोंदवही ठेवावी. विद्यार्थ्याने घरातील वा बाजारातील वस्तू पाहून तिचे माप, धातू, त्यावरील मजकूर, सांगणाऱ्याचे निवेदन आणि नोंदीची तारीख त्यात लिहावी, शक्य असल्यास छायाचित्र जोडावे. वस्तू विकत घ्यावयाची असल्यास पावती घ्यावी, कायद्याच्या तरतुदी तपासाव्यात आणि नाव घातलेल्या भांड्यास झिलई देऊ नये. मराठी, समाजशास्त्र व रसायनशास्त्र या विभागांनाही या कामात सहभागी होता येईल. दप्तरे वाचविण्याचे काम मागील पिढ्यांनी केले. ज्या घरांत ती दप्तरे होती, त्या घरांतील भांड्यांवरची नावे पुसली जाण्यापूर्वी वाचणे, हे काम आता आपल्याकडे आले आहे.