तळटीप १७ : इथ्रोची कसोटी

१७. इथ्रो : मिद्यानी याजक, मोशेचा सासरा. इस्राएली लोकांचे सारे तंटे मोशे एकटाच सकाळपासून संध्याकाळपर्यंत निवडत असे. तेव्हा कर्तबगार, देवाचे भय बाळगणारी, सत्यनिष्ठ आणि लाचेचा तिटकारा असलेली माणसे अधिकारी नेमावीत, असा सल्ला इथ्रोने दिला (निर्गम १८). यात चारित्र्याबरोबर कर्तबगारीही मागितली आहे, हे ध्यानात घ्यावे. मीखा संदेष्टा न्याय, दया आणि नम्रता मागतो (मीखा ६). या कसोटीतून राजाही सुटत नाही : नाबोथाचा द्राक्षमळा बळकावणाऱ्या अहाबाला एलीया संदेष्ट्याने तोंडावर दोषी ठरवले (१ राजे २१).

हीच कसोटी लावून पाहावी असे एक उदाहरण : ब्रिटिश खासदार विल्यम विल्बरफोर्स मनपरिवर्तनाच्या धार्मिक अनुभवानंतर राजकारण सोडण्याच्या विचारात होते. एकेकाळी गुलामवाहू जहाजाचे कप्तान असलेले धर्मगुरू जॉन न्यूटन यांनी त्यांना संसदेतच राहण्याचा सल्ला दिला. गुलामांच्या व्यापाराविरुद्धचा विल्बरफोर्स यांचा प्रस्ताव १७९१ मध्ये ८८ विरुद्ध १६३ मतांनी फेटाळला गेला. तरी ते मागे हटले नाहीत. १८०७ मध्ये बंदीचा कायदा झाला. मात्र कामगारांच्या संघटनांवर बंदी घालणाऱ्या १७९९ च्या कायद्याला याच विल्बरफोर्स यांचे पाठबळ होते. तेव्हा एका प्रश्नावरच्या सचोटीने नेत्याचा सगळा कारभार पावन होत नाही. शास्त्राचा आधार घेऊन मते मागणाऱ्या ख्रिस्ती नेत्याला त्याच शास्त्राने प्रत्येक निर्णयाचा जाब विचारला पाहिजे.