जांभा : पावसाच्या पोटचा दगड

महाराष्ट्र म्हणजे काळा कातळ, हे आपल्या डोक्यात इतके पक्के बसलेले असते की घाट उतरून कोकणात शिरल्यावर दगडाचा रंगच बदलला, याची दखल बहुतेक जण घेत नाहीत. गडगे तांबडे, विहिरींचे कठडे तांबडे, पाखाडीच्या पायऱ्या तांबड्या, देवळाचा चौथरा तांबडा. या जांभ्याकडे भूगोलाच्या पुस्तकांनीही सावत्रपणाने पाहिले. काळ्या बेसॉल्टला ज्वालामुखीचा भपका लाभला, लाव्हाच्या थरांवर थर आले, साडेसहा कोटी वर्षांचा इतिहास आला. जांभ्याच्या वाट्याला ‘कोकणात जांभी मृदा आढळते’ हे एक वाक्य आले. खरे तर हा दगड समजून घ्यायला शास्त्रज्ञांना शंभर वर्षे लागली, आणि त्यावरचा वाद आजही मिटलेला नाही.

शास्त्राच्या दफ्तरात जांभ्याची पहिली नोंद झाली ती एका डॉक्टरच्या हातून. 1799 मध्ये टिपू सुलतान पडला आणि म्हैसूर, कानडा, मलबार या मुलखांत आपल्या हाती नेमके काय लागले आहे, हे गव्हर्नर जनरल वेलस्लीला जाणून घ्यायचे होते. त्याने 1800 मध्ये फ्रान्सिस बुकानन या स्कॉटिश डॉक्टरला पाहणीला धाडले. बुकाननला पिके, कापड, व्यापार, जातीजमाती, गुरेढोरे असे सगळेच टिपायचे होते. दगड हा त्यातला एक किरकोळ विषय. पण त्या वर्षाच्या डिसेंबरात मलबारमधल्या अंगाडिपुरम इथे तो एका खाणीशी थबकला. जमिनीत असताना हा दगड इतका मऊ, की लोखंडी हत्याराने सहज कापता येतो; एकदा बाहेर काढून उन्हावाऱ्यावर ठेवला की विटेसारखा टणक होतो. दगडात कुठे थर नाहीत, भेगा नाहीत, सगळीकडे पोकळ्या आणि लालपिवळी माती. स्थानिक लोक त्याला विटेचा दगडच म्हणत. बुकाननने तोच धागा पकडून लॅटिनमधल्या विटेवरून त्याला लॅटराइट असे नाव दिले. 1807 मध्ये लंडनला त्याच्या प्रवासवर्णनाचे तीन खंड निघाले आणि मलबारच्या खाणीतला हा शब्द जगभर गेला. आफ्रिका, ब्राझील, ऑस्ट्रेलिया, कुठल्याही उष्ण प्रदेशातला असा दगड आज याच नावाने ओळखला जातो.

बुकाननने हा दगड शोधला, असे मात्र म्हणू नये. त्याने तो कागदावर आणला. खाणीत हत्यार चालवणाऱ्या माणसांना या दगडाचा स्वभाव कित्येक शतके आधीपासून पाठ होता. गोव्यातल्या हरवळे इथली लेणी जांभ्यात खोदलेली आहेत. कंबोडियातल्या अंकोरच्या मंदिरांना बाहेरून वालुकाश्म दिसतो, पण त्यांचे जोते आणि पोटातला भराव जांभ्याचा आहे. सगळ्यांत हुशारी दिसते ती बिदरला. बिदर शहर दख्खनच्या पठारावर जांभ्याच्या एका जाड टोपीवर वसले आहे आणि त्याखाली काळा बेसॉल्ट आहे. पावसाचे पाणी सच्छिद्र जांभ्यातून झिरपते आणि खालच्या घट्ट थरापाशी अडते. बहमनी काळात, पंधराव्या शतकात, इराणी पद्धतीचे भुयारी कालवे खोदणाऱ्यांनी नेमका हा सांधा हेरला आणि तिथून पाणी वळवून शहराला पुरवले. भूजलशास्त्र हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधी दोन खडकांच्या सीमेवर पाणी साठते, हे त्यांना ठाऊक होते.

जांभा बनतो कसा, हे मात्र कोणालाच सांगता येत नव्हते. बुकानन हिंडत होता त्या काळात युरोपातल्या भूवैज्ञानिकांचे दोन तट पडले होते. फ्रायबर्गचा वेर्नर आणि त्याचे शिष्य म्हणत, खडक आदिम समुद्राच्या पाण्यातून साचले. एडिनबरोच्या जेम्स हटनचे अनुयायी म्हणत, खडकांमागे पृथ्वीच्या पोटातली उष्णता आहे. जांभ्याची पोकळ्यांची रचना पाहून काहींना तो ज्वालामुखीतून आल्यासारखा वाटला. काहींना तो वाहून येऊन साचलेला गाळ वाटला. 1836 मध्ये निलगिरीची पाहणी करणाऱ्या बेंझाने तिसरीच गोष्ट सांगितली: हा दगड कुठून आलेला नाही, खालचा खडक जागच्या जागी कुजून तो तयार झाला आहे. तिला मान्यता मिळायला बराच काळ जावा लागला. अडचण समजण्यासारखी आहे. हवापाण्याने खडक झिजतो, फुटतो, त्याची माती होते, हे सगळ्यांना दिसत होते. पण त्याच हवापाण्याने नवा दगड घडतो, हे पटायला मन तयार नव्हते.

गुंता सुटला तो रसायनशाळेत. 1898 मध्ये माक्स बाउअर या जर्मन खनिजशास्त्रज्ञाने हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवरचा जांभा तपासला. त्यात त्याला नेहमीची चिकणमाती न सापडता ॲल्युमिनियमचे जलयुक्त ऑक्साइड सापडले. थंड देशांत खडक कुजला तर चिकणमातीवर येऊन थांबतो. उष्ण, पावसाळी देशांत तो तिथेही थांबत नाही. चिकणमातीतला सिलिकासुद्धा निघून जातो. 1903 मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे थॉमस हॉलंड यांनी जांभ्याची घडण आणि उगम यांवर लेख लिहिला. त्याच वर्षी वॉर्थ पितापुत्रांनी भारतीय जांभ्याची रासायनिक विश्लेषणे प्रसिद्ध केली. सिलिका हटवण्यामागे सूक्ष्म जीवांचा हात असावा, असा हॉलंड यांचा तर्क होता. तेव्हा तो फारसा कोणी उचलून धरला नाही, पण आज सूक्ष्म जीवांना वगळून खडकांच्या कुजण्याचा विचार करता येत नाही. त्यानंतर नेमके कशाला जांभा म्हणायचे, यावरच भांडण पेटले. 1911 मध्ये भूवैज्ञानिक फर्मोर यांनी ‘जांभा म्हणजे काय?’ याच अर्थाच्या शीर्षकाचा लेख लिहिला, यावरून गोंधळाची कल्पना यावी.

आता आपल्याला जे कळते ते असे. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल होते आणि बेसॉल्टमध्ये मुरते. बेसॉल्टमध्ये जवळजवळ निम्मा भाग सिलिका. बाकी ॲल्युमिनियम, लोह, चुना, मॅग्नेशियम, सोडियम, थोडे पोटॅशियम. सोडियम, पोटॅशियम, चुना आणि मॅग्नेशियम आधी विरघळतात आणि नदीवाटे समुद्राला मिळतात. सिलिका हळू जातो, पण जातोच. लोह आणि ॲल्युमिनियम यांची ऑक्साइडे पाण्यात जवळपास विरघळत नाहीत, म्हणून ती मागे राहतात. उसाचा रस निघून गेल्यावर चरकात चिपाड उरावे, तसा काळ्या दगडाचा जांभा उरतो. पावसाळ्यात भूजलाची पातळी वर येते, उन्हाळ्यात खोल जाते. प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात लोह थोडे हलते, पाणी ओसरून हवा लागली की पुन्हा घट्ट बसते. वर्षानुवर्षांच्या या ये-जा करण्यातून जांभ्याची ती नळ्यानळ्यांची जाळी तयार होते. खाणीतून काढलेला चिरा वाळताना त्यातल्या लोहाच्या संयुगांमधले पाणी जाते, स्फटिक एकमेकांत गुंततात आणि दगड टणक होतो. बुकाननला अंगाडिपुरमला दिसलेला चमत्कार तो हाच.

या सगळ्यासाठी आणखी एक गोष्ट लागते, आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही: सपाटी. तीव्र उतारावर कुजलेला खडक पावसासरशी वाहून जातो, त्याला जांभा व्हायला उसंत मिळत नाही. म्हणजे जिथे जाड जांभा दिसतो, तिथे कधीकाळी जमीन सपाट होती आणि फार मोठा काळ निवांत पडून होती, असे समजायला हरकत नाही. आपल्याकडे असा जांभा दोन मजल्यांवर आहे. वरचा महाबळेश्वर, पाचगणी, कास या सह्याद्रीच्या माथ्यांवर, समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच. खालचा रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि गोव्याच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळपठारांवर, बहुतांशी दोनशे मीटरच्या आत. ब्रिटिश भूवैज्ञानिक माइक विडोसन यांनी 1990 च्या दशकात या दोन्ही पातळ्यांना जुन्या भूपृष्ठांचे अवशेष मानून त्यांचा अभ्यास केला. कोकणचा सडा ही सपाटी सह्याद्रीचा कडा पूर्वेला सरकल्यानंतर घडली, असे त्यातून दिसते.

पाचगणीचे टेबललँड मात्र अजून वादात आहे, आणि मला तो वाद फार आवडतो. 2008 मध्ये भूवैज्ञानिक क्लिफ ऑलिअर आणि आयआयटी मुंबईचे हेतू शेठ यांनी वेगळाच प्रश्न टाकला. हे माथे मुळात माथे नव्हतेच, तर दऱ्यांचे तळ होते, असे मानले तर? आजूबाजूच्या उतारांवरून लोह वाहत येऊन दरीच्या तळात साचले आणि तिथला भाग सगळ्यांत टणक झाला. पुढच्या काळात बाजूच्या टेकड्या झिजून गेल्या आणि टणक तळ उंच राहिला. खालचे वर आणि वरचे खाली. घोड्यावर बसून फोटो काढणाऱ्या पर्यटकाच्या पायाखाली एखाद्या जुन्या नदीचे खोरे असू शकते. सगळ्या माथ्यांना हे लागू पडेल, असे मला वाटत नाही. पण जमिनीचा आजचा चढउतार म्हणजे तिचा पहिल्यापासूनचा चढउतार, हे गृहीत धरण्याची आपली सवय या कल्पनेने मोडते, हे निश्चित.

वय ठरवणे त्याहून अवघड. लाव्हा थंड झाल्याचा क्षण मोजता येतो, कुजण्याचा मोजायचा कसा? यावर उपाय मिळाला तो जांभ्यातल्या मँगनीजच्या खनिजांमध्ये. त्यांत थोडे पोटॅशियम अडकते आणि त्याच्या किरणोत्साराने बनलेला आर्गॉन मोजता येतो. फ्रेंच आणि भारतीय संशोधकांनी पश्चिम घाटाच्या दोन्ही बाजूंचे नमुने तपासून 2016 मध्ये निष्कर्ष मांडला की घाटाखालच्या सपाटीवर सुमारे 4.7 कोटी वर्षांपूर्वीच खडक कुजू लागले होते. म्हणजे सह्याद्रीचा कडा आज आहे तिथेच, जवळपास तेव्हापासून उभा आहे.

जांभ्यातला लोहाचा अंश कमी आणि ॲल्युमिनियमचा जास्त झाला की त्याला बॉक्साइट म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरीच्या बाजूला पठारांवरून तो काढला गेला, आणि त्याच्या खाणी व तिथले जंगल यांचा झगडा जुनाच आहे. त्याच्या तपशिलात इथे शिरत नाही.

जांभ्याच्या स्वभावाकडे दुर्लक्ष केले की काय होते, हे जुन्या गोव्यात जाऊन पाहावे. बाँ जेझुस बासिलिका 1594 ते 1605 या काळात बांधली गेली. तिच्या भिंती जांभ्याच्या आणि त्यांवर चुन्याचा गिलावा होता. पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या काळात, 1950 च्या सुमारास, जीर्णोद्धार करताना हा गिलावा उतरवून दगड उघडा केला गेला. पर्यटकांना तांबडी भिंत आवडते. तिचीच छायाचित्रे जगभर गेली. पण जांभा सच्छिद्र आहे, पाणी पितो, आणि गोव्याचा पाऊस दरवर्षी त्या भिंतीवर कोसळतो. भिंत झिजते आहे, आणि गिलावा परत चढवावा की नको यावर वाद चालू आहे. कोकणातला कोणताही जुना गवंडी या वादाचा निकाल एका वाक्यात देईल. चुना चढवणे ही जांभ्याची सजावट नसते, त्याची गरज असते.

कोकणातल्या उघड्या सड्यांची कथा अशीच उपेक्षेची आहे. उन्हाळ्यात त्यांच्यावर उभे राहिले तर पाय भाजतात. पावसाळ्यात त्याच कातळावर डबकी साचतात आणि इवल्या फुलांचे गालिचे पसरतात. यातल्या कित्येक वनस्पती दुसरीकडे कुठे सापडत नाहीत. कास पठाराला 2012 मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, म्हणून तिथली फुले आपल्याला माहीत झाली. रत्नागिरी आणि राजापूर तालुक्यांतल्या सड्यांवर तर माणसाने कोरलेली शेकडो चित्रे आहेत. सुधीर रिसबूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे पायपीट करून, गुराख्यांना विचारून, ही कातळशिल्पे शोधली. कशेळीच्या सड्यावरचा हत्ती तर इतका मोठा की जमिनीवरून तो एका नजरेत मावत नाही. त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृती कोरलेल्या आहेत. बारसू, रुंढे तळी, देवाचे गोठणे, उक्षी, जांभरुण आणि सिंधुदुर्गातले कुडोपी ही स्थळे, गोव्यातल्या पणसायमळसह, 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसायादीत गेली. जांभा नसता तर ही चित्रे नसती. हातातल्या साध्या हत्याराने कोरता येईल इतपत मऊ आणि हजारो वर्षे टिकेल इतपत टणक असा दुसरा खडक कोकणात कुठे आहे?

तरीही सरकारी दफ्तरात हे सडे बहुधा पडीक किंवा पोटखराब म्हणूनच नोंदले जातात. पीक येत नाही म्हणजे निरुपयोगी, हा महसुलाचा जुना हिशेब. त्यामुळे सड्यावर प्रकल्प आणणे सोपे, सुरुंग लावून कलमांसाठी खड्डे पाडणे सोपे, यंत्राच्या पात्याने चिरे कापत पठारच पोखरणे सोपे. मुरलेले पाणी पायथ्याच्या झऱ्यांतून गावाला मिळते, हे त्या हिशेबात कुठेच येत नाही. चिरेखाण बंद करा, असे मी म्हणणार नाही. कोकणातले घर त्याच दगडाचे आहे आणि असावे. पण कोणता सडा कापायचा आणि कोणता राखायचा, हे ठरवायच्या आधी तिथे काय आहे याची नोंद तरी व्हावी. पुढच्या वेळी कोकणात गेलात तर रस्त्यासाठी कापलेल्या दरडीपाशी गाडी थांबवा: वर टणक तांबडा जांभा, खाली ठिपक्याठिपक्यांची माती, तिच्याखाली मऊ पांढरट शेडी माती आणि सगळ्यांत तळाला काळा बेसॉल्ट. आणि तुमच्या गावच्या सड्याला सातबाऱ्यावर काय म्हटले आहे, हे तलाठ्याकडे जाऊन एकदा पाहून घ्या.