ऑलिंपिक पदकविजेत्या भारतीय खेळाडूंची पारितोषिके व करआकारणी

ऑलिंपिक स्पर्धेत पदक मिळविणाऱ्या भारतीय खेळाडूंना केंद्र सरकार, राज्य सरकारे, क्रीडा संघटना, सार्वजनिक उपक्रम आणि खाजगी कंपन्या यांच्याकडून रोख रक्कम, नोकरी, निवृत्तिवेतन, जमीन, घर, वाहन अशा निरनिराळ्या स्वरूपात पारितोषिके दिली जातात. यांपैकी केंद्र व राज्य सरकारांनी दिलेली पारितोषिके आयकरातून मुक्त आहेत. इतरांनी दिलेली सर्वच मुक्त नाहीत. पारितोषिकाची रक्कम पदकाच्या रंगावर तर ठरतेच, पण खेळाडू कोणत्या राज्याचा आहे यावरही ती मोठ्या प्रमाणात अवलंबून असते.

पार्श्वभूमी

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समिती पदकाबरोबर कोणतीही रोख रक्कम देत नाही. सुवर्णपदकही नावापुरतेच सोन्याचे असते. ते प्रामुख्याने चांदीचे असून त्यावर किमान ६ ग्रॅम सोन्याचा मुलामा असतो. पदकाचे आर्थिक मोल त्यामुळे ज्या त्या देशातच ठरते. या परंपरेला पहिला मोठा छेद जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने दिला. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ॲथलेटिक्सच्या ४८ प्रकारांतील प्रत्येक सुवर्णविजेत्याला ५०,००० अमेरिकी डॉलर देण्याचे तिने जाहीर केले. रौप्य व कांस्यपदकासाठी अशी रक्कम २०२८ पासून देण्याचे ठरले. त्यामुळे पॅरिसमध्ये भालाफेकीत रौप्यपदक मिळविणाऱ्या नीरज चोप्राला या योजनेचा लाभ झाला नाही.

खाशाबा जाधव आणि सुरुवातीचा काळ

स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक सातारा जिल्ह्यातील गोळेश्वर (ता. कराड) येथील मल्ल खाशाबा दादासाहेब जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे मिळविले. फ्रीस्टाइल कुस्तीच्या बँटमवेट गटातील हे कांस्यपदक होते. त्यापूर्वी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते फ्लायवेट गटात सहावे आले होते; त्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला होता. हेलसिंकीला जाण्यासाठी मात्र गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन परतल्यावर कराड ते गोळेश्वर अशी १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. सन्मान म्हणावा असा तो एवढाच. त्यानंतर खाशाबांनी कोल्हापुरात कुस्त्यांचे सामने भरविले आणि त्यातून आलेल्या पैशांतून प्राचार्यांचे गहाण घर सोडवून दिले. आज पदकविजेत्याला घर बक्षीस मिळते. त्या काळी पदकविजेत्यालाच दुसऱ्याचे घर सोडवावे लागले.

१९५५ मध्ये खाशाबा पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले आणि सहायक पोलीस आयुक्त या पदावरून निवृत्त झाले. १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ते अपघातात त्यांचे निधन झाले. शिवछत्रपती पुरस्कार आणि अर्जुन पुरस्कार हे दोन्ही त्यांना मरणोत्तर मिळाले. त्यांच्यानंतर पुढील वैयक्तिक पदकासाठी (लिअँडर पेस, टेनिस, अटलांटा १९९६) भारताला ४४ वर्षे थांबावे लागले. पारितोषिकांची आजची व्यवस्था या मधल्या व नंतरच्या काळात हळूहळू उभी राहिली.

केंद्र सरकारच्या योजना

युवक कल्याण व क्रीडा मंत्रालयाची आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील विजेते व त्यांचे प्रशिक्षक यांच्यासाठीची विशेष पारितोषिक योजना १९८६ पासून अमलात आहे. तिच्या सुधारित दरांनुसार ऑलिंपिक सुवर्णपदकासाठी ७५ लाख, रौप्यपदकासाठी ५० लाख आणि कांस्यपदकासाठी ३० लाख रुपये दिले जातात. याशिवाय १९९४ पासून गुणवंत खेळाडूंसाठी निवृत्तिवेतन योजना आहे. २०१८ मधील सुधारणेनंतर ऑलिंपिक पदकविजेत्याला दरमहा २०,००० रुपये निवृत्तिवेतन मिळते. यात सुवर्ण, रौप्य व कांस्य असा भेद नाही. मात्र खेळाडूने तिशी ओलांडलेली असावी आणि स्पर्धात्मक खेळातून निवृत्ती घेतलेली असावी, अशी अट आहे. मेजर ध्यानचंद खेलरत्न (२५ लाख रुपये) आणि अर्जुन पुरस्कार (१५ लाख रुपये) यांच्या रकमा २०२० मध्ये वाढविण्यात आल्या. हे पुरस्कार पदकासाठी आपोआप मिळत नसले, तरी पदकविजेत्यांचा त्यांसाठी अग्रक्रमाने विचार होतो.

राज्य सरकारांची पारितोषिके

खरी मोठी रक्कम राज्यांकडून येते आणि विषमताही तेथेच दिसते. हरियाणा सरकार सुवर्णपदकासाठी ६ कोटी, रौप्यपदकासाठी ४ कोटी आणि कांस्यपदकासाठी अडीच कोटी रुपये देते. नीरज चोप्राला टोकियो येथील सुवर्णपदकानंतर हरियाणाकडून ६ कोटी रुपये व प्रथम श्रेणीची नोकरी जाहीर झाली. पंजाबने २ कोटी आणि मणिपूरने १ कोटी रुपयांची भर घातली. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनचे रौप्यपदक मिळविणाऱ्या पी. व्ही. सिंधू हिला तेलंगणाने ५ कोटी व आंध्र प्रदेशाने ३ कोटी रुपये दिले. दोन्ही तेलुगू राज्यांनी तिच्यावर हक्क सांगितला, याचा तिला लाभच झाला.

पदक हातून निसटल्यावरही पारितोषिक मिळाल्याचे उदाहरण विनेश फोगाटचे आहे. पॅरिस येथे अंतिम फेरीच्या दिवशी वजन मर्यादेपेक्षा अधिक भरल्याने ती अपात्र ठरली आणि क्रीडा लवादाकडील तिचे अपीलही फेटाळले गेले. तरीही हरियाणा सरकारने तिला रौप्यपदक विजेत्याप्रमाणे लाभ देण्याचे जाहीर केले.

महाराष्ट्र

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडी (ता. राधानगरी) येथील नेमबाज स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळविले. खाशाबा जाधव यांच्यानंतर वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळविणारा तो महाराष्ट्रातील पहिला खेळाडू. तत्कालीन मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी त्याला १ कोटी रुपयांचे पारितोषिक जाहीर केले. त्यानंतर राज्याने आपले दर वाढवून सुवर्णासाठी ५ कोटी, रौप्यासाठी ३ कोटी व कांस्यासाठी २ कोटी रुपये असे ठरविले. कुसाळेच्या वडिलांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये हरियाणाशी तुलना करून राज्याच्या धोरणावर जाहीर नाराजी व्यक्त केली. मुलाला ५ कोटी रुपये आणि पुण्यातील बालेवाडी क्रीडा संकुलाजवळ सदनिका मिळावी, अशी त्यांची मागणी होती. ७२ वर्षांत दोन वैयक्तिक पदके मिळविणाऱ्या राज्यात पारितोषिकाच्या रकमेचा खजिन्यावर फारसा भार पडत नाही, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. सरकारचा खरा खर्च सरावाच्या सोयी, प्रशिक्षक आणि साहित्य यांवर होतो आणि नेमबाजीसारख्या खर्चिक खेळात त्याची गरज पदकाच्या कितीतरी वर्षे आधी भासते.

नोकरी व अन्य सवलती

रोख रकमेपेक्षा अनेक खेळाडूंना नोकरीचे मोल अधिक वाटते. भारतीय रेल्वे, सैन्यदले, पोलीस दले व तेल कंपन्या हे खेळाडूंचे जुने आश्रयदाते आहेत. कुसाळे २०१५ पासून मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. पदकानंतर त्याला क्रीडा विभागात विशेष कार्य अधिकारी म्हणून बढती मिळाली. मणिपूरने मीराबाई चानू हिची अतिरिक्त पोलीस अधीक्षक पदावर नेमणूक केली. सिंधूला उपजिल्हाधिकारी नेमता यावे म्हणून आंध्र प्रदेशाने २०१७ मध्ये आपल्या लोकसेवाविषयक कायद्यातच दुरुस्ती केली. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे.

वस्तुरूप बक्षिसांचा उपयोग प्रत्येक वेळी होतोच असे नाही. रिओ येथे जिम्नॅस्टिक्समध्ये चौथी आलेल्या दीपा कर्माकर हिला सिंधू व साक्षी मलिक यांच्याबरोबर बीएमडब्ल्यू मोटार भेट मिळाली. आगरतळ्यात त्या मोटारीच्या देखभालीची सोय नव्हती आणि रस्तेही तिला सोयीचे नव्हते, म्हणून तिने ती परत केली. तिच्या बदल्यात मिळालेल्या रकमेतून तिने स्थानिक पातळीवर दुरुस्त होऊ शकेल अशी मोटार घेतली.

करआकारणी

पदकविजेत्यांच्या पारितोषिकांवर कर लागतो का, या प्रश्नाचे एका शब्दात उत्तर देता येत नाही. रक्कम कोणी दिली आणि कशासाठी दिली, या दोन गोष्टींवर ते अवलंबून आहे.

आयकर अधिनियम, १९६१ च्या कलम १०(१७अ) नुसार केंद्र किंवा राज्य सरकारने, अथवा केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या अन्य संस्थेने, लोकहितार्थ स्थापन केलेला पुरस्कार करमुक्त आहे. तो रोख असो वा वस्तुरूप. याच कलमाच्या दुसऱ्या भागात, केंद्र सरकारने लोकहितार्थ मान्य केलेल्या कारणांसाठी केंद्र वा राज्य सरकारने दिलेल्या पारितोषिकाचाही समावेश आहे. पुरस्कार व पारितोषिक यांत येथे फरक केला आहे: पुरस्कार ही नियमितपणे दिली जाणारी, नावाने प्रस्थापित गोष्ट, तर पारितोषिक एखाद्या विशिष्ट कामगिरीबद्दल दिलेले बक्षीस. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २८ जानेवारी २०१४ रोजीच्या आदेशाने ऑलिंपिक, राष्ट्रकुल व आशियाई क्रीडा स्पर्धांतील पदकविजेत्यांना केंद्र वा राज्य सरकारांनी दिलेल्या पारितोषिकांना या कलमाखाली मान्यता दिली. हरियाणाचे ६ कोटी किंवा महाराष्ट्राचा १ कोटी यांवर म्हणूनच कर लागत नाही. सरकारने दिलेली जमीन किंवा सदनिका यांनाही हेच तत्त्व लागू पडते.

त्यापूर्वीची स्थिती वेगळी होती. १९८६ च्या परिपत्रक क्र. ४४७ नुसार खेळाडू व्यावसायिक आहे की नाही, हे पाहिले जाई. व्यावसायिक नसलेल्या खेळाडूला मिळालेले बक्षीस ही व्यक्तिगत भेट समजली जाई व तिच्यावर कर नसे. व्यावसायिक खेळाडूच्या बाबतीत मात्र ते त्याच्या व्यवसायाचे उत्पन्न मानले जाई. पुढे २००४ पासून नातेवाइकांखेरीज इतरांकडून मिळालेल्या रोख भेटीही ठरावीक मर्यादेपलीकडे करपात्र झाल्या. 'व्यक्तिगत भेट' हा आधार त्यामुळे पुरेसा उरला नाही आणि २०१४ च्या आदेशाचे महत्त्व वाढले.

खाजगी कंपनी, उद्योजक किंवा मान्यता नसलेली संघटना यांनी दिलेली रोख रक्कम एका वर्षात एकूण ५०,००० रुपयांहून अधिक झाल्यास कलम ५६(२)(x) नुसार ती संपूर्ण रक्कम 'अन्य मार्गांनी मिळालेले उत्पन्न' म्हणून करपात्र ठरते. टोकियोनंतर चेन्नई सुपर किंग्ज संघाने नीरज चोप्राला जाहीर केलेले १ कोटी रुपये या प्रकारात मोडतात. उच्च उत्पन्न गटातील ३० टक्के कर, अधिभार व ४ टक्के उपकर धरल्यास अशा रकमेतील एक तृतीयांशाच्या आसपास भाग सरकारजमा होतो. एकाच पदकासाठी मिळालेल्या दोन समान रकमांपैकी एक पूर्ण हातात पडते, तर दुसरीतून मोठी कपात होते. सत्काराच्या बातम्यांत सगळ्या रकमांची बेरीज करून जो आकडा छापला जातो, तो म्हणून फसवा असतो.

वस्तुरूप खाजगी भेटींबाबत कायद्यात एक चमत्कारिक बारकावा आहे. या कलमातील 'मालमत्ता' या संज्ञेच्या व्याख्येत जमीन, इमारत, रोखे, दागिने, सोन्याचांदीच्या लगडी, चित्रे व शिल्पे इत्यादींची यादी आहे. मोटारीचा उल्लेख तीत नाही. खाजगी व्यक्तीने निव्वळ कौतुकाने दिलेल्या मोटारीवर त्यामुळे या कलमाखाली कर लागत नाही, पण सदनिकेवर लागतो. हीच मोटार जाहिरातीच्या कराराचा भाग म्हणून मिळाली असेल, तर तिचे मूल्य व्यवसायाच्या उत्पन्नात धरले जाते. जाहिरातींचे मानधन, नोकरीचा पगार आणि सरकारी बक्षीस बँकेत ठेवल्यावर मिळणारे व्याज यांना कोणतीही सवलत नाही. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या अधिनियमाची जागा आयकर अधिनियम, २०२५ ने घेतली असून त्यात कलमांचे क्रमांक व मांडणी बदललेली आहे.

अन्य देशांतील पद्धती

अमेरिकेत सरकार पारितोषिक देत नाही. तेथील ऑलिंपिक व पॅरालिंपिक समिती सुवर्णासाठी ३७,५००, रौप्यासाठी २२,५०० व कांस्यासाठी १५,००० डॉलर देते. २०१६ पर्यंत या रकमेवर आणि पदकाच्या मूल्यावरही आयकर लागत असे. त्या वर्षी झालेल्या कायद्याने, वार्षिक उत्पन्न १० लाख डॉलरपेक्षा अधिक असलेले खेळाडू वगळता, इतरांना तो माफ झाला. सिंगापूर वैयक्तिक सुवर्णासाठी १० लाख सिंगापूर डॉलर देते, परंतु ती रक्कम करपात्र असते आणि तिचा पाचवा हिस्सा खेळाडूला आपल्या क्रीडा संघटनेकडे प्रशिक्षणासाठी द्यावा लागतो. दक्षिण कोरियात कोणत्याही रंगाचे ऑलिंपिक पदक मिळविणाऱ्या पुरुष खेळाडूला सक्तीच्या नियमित लष्करी सेवेतून सूट मिळते. तेथील तरुणांना हे बक्षीस पैशापेक्षा मोठे वाटते. ब्रिटन पदकासाठी रोख बक्षीस देत नाही. लॉटरीच्या उत्पन्नातून खेळाडूंच्या तयारीचा खर्च भागविण्यावर त्या देशाचा भर आहे. भारतात याच स्वरूपाची 'लक्ष्य ऑलिंपिक पदक' योजना २०१४ मध्ये सुरू झाली असून तिच्या मुख्य गटातील खेळाडूला प्रशिक्षणाच्या खर्चाखेरीज दरमहा ५०,००० रुपये भत्ता मिळतो.

पॅरालिंपिक पदकविजेते

पॅरालिंपिक पदकांसाठी केंद्र सरकारचे पारितोषिक व निवृत्तिवेतन आता ऑलिंपिकइतकेच आहे. सांगली जिल्ह्यातील करगणी (ता. आटपाडी) येथील सचिन खिलारी याने पॅरिस येथे गोळाफेकीच्या एफ४६ गटात रौप्यपदक मिळविले, ते या समानतेच्या काळात. त्याच जिल्ह्यातील पेठ (इस्लामपूर) येथील मुरलीकांत पेटकर यांचा काळ वेगळा होता. १९६५ च्या युद्धात जखमी झालेल्या या जवानाने १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइल जलतरणात भारताचे पहिले पॅरालिंपिक सुवर्णपदक मिळविले. त्यांना पद्मश्री २०१८ मध्ये, तर जीवनगौरव स्वरूपाचा अर्जुन पुरस्कार जानेवारी २०२५ मध्ये, म्हणजे पदकानंतर ५२ वर्षांनी मिळाला.